हाय-डोस मेथोट्रेक्सेट: क्रिएटिनिन ०.५ 'नॉर्मल' असूनही डोस पुढे का ढकलला, आणि बाटलीत सोडा कशासाठी?

मानपाड्याची_आई

मुलगा ५ वर्षांचा, उंची १०४ सेंमी, वजन १६ किलो. बी-सेल एएलएल (रक्ताचा कर्करोग). इंडक्शन आणि कन्सॉलिडेशन (केमोचे आधीचे टप्पे) पार पडलं. हाय-डोस मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचे चार डोस ठरले आहेत, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५ ग्रॅम, २४ तासांत. पहिला नीट झाला. मधल्या काळात ताप आला म्हणून ५ दिवस अमिकासिन आणि पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ही अँटिबायोटिक दिली, त्यातच दोन दिवस जुलाब होते. आता ताप नाही, खातोपितो, लघवीही भरपूर होते. पण दुसऱ्या डोसआधीच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) ०.५ आलं, आधी ०.३ असायचं. लॅबच्या कागदावर नॉर्मल ०.५ ते १.२ छापलं आहे, तरी डॉक्टरांनी आठवडाभर थांबायला सांगितलं.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नॉर्मलमध्ये असलेल्या आकड्यासाठी डोस का थांबवतात? इंडक्शनच्या वेळी युरिक अॅसिड वाढलेलं असताना 'सोडा देत नाही' म्हणाले होते आणि मेथोट्रेक्सेटला मात्र प्रत्येक सलाईनमध्ये सोडाबायकार्ब, हे उलटसुलट कसं? आणि घरी व वॉर्डमध्ये आम्ही नक्की कशावर लक्ष ठेवायचं?

बालमूत्रपिंड_ठाणे

ताई, कागदावरची ती रेंज मोठ्या माणसांची आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. १६ किलोच्या, त्यातही स्टेरॉइडने हातपाय बारीक झालेल्या मुलात ते मुळातच कमी असतं. त्यामुळे त्याचा आकडा छापील रेंजशी नाही, त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघायचा. ०.३ चं ०.५ म्हणजे दीडपटीहून जास्त. सात दिवसांत दीडपट वाढ झाली तर किडनीला इजा झाली असं धरतात. मोठ्या माणसात ०.९ चं १.५ झालं असतं तर घरातल्या सगळ्यांनी दखल घेतली असती. लहान मुलात तीच वाढ 'नॉर्मल'च्या आत लपून राहते.

किडनीच्या गाळण्याच्या ताकदीचं गणित घरीही करता येतं. उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, ०.४१३ ने गुणा आणि क्रिएटिनिनने भागा. १०४ सेंमीला ०.३ असताना उत्तर १४३ येतं, ०.५ असताना ८६. ८६ हा आकडा सुटा बघितला तर वाईट नाही. पण गाळण्याची ताकद थोड्या दिवसांत चाळीस टक्क्यांनी उतरली, ही खरी बातमी आहे. मेथोट्रेक्सेटचा ८० ते ९० टक्के भाग जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. बाहेर पडायला उशीर झाला की ते औषध तोंड, आतडी, अस्थिमज्जा आणि पुन्हा किडनी, सगळ्यांना भाजत राहतं. म्हणूनच बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये नेहमीच्या क्रिएटिनिनच्या दीडपटीवर गेलं की डोस थांबवा, अशी अट लिहिलेली असते. डॉक्टरांनी बरोबर केलं.

कारण तुमच्या प्रश्नातच आहे. अमिकासिन किडनीच्या नळ्यांच्या पेशींत साठतं आणि त्याचा फटका साधारण पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास दिसायला लागतो, कधी औषध बंद झाल्यावरसुद्धा. तेव्हा लघवी कमी होत नाही, उलट भरपूर होते. त्यामुळे 'लघवी चांगली होते' यावर अशा वेळी विसंबू नका. जोडीला जुलाबाने पाणी कमी पडलं होतं. पुढच्या रक्ततपासणीत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लिहून घ्या. अमिकासिनने (आणि बुरशीसाठी अँफोटेरिसिन दिलं असेल तर त्याहून जास्त) ही दोन्ही लघवीवाटे गळतात, आणि मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय पोटॅशियमही वर येत नाही.

एक बारीक गोष्ट. ०.३ आणि ०.५ हे आकडे एकाच दशांशापर्यंत आहेत. ०.३४ चं ०.३ लिहिलं जातं आणि ०.४६ चं ०.५. तसं असेल तर वाढ दीडपटही नाही. उलट ०.२६ आणि ०.५४ असेल तर दुपटीच्या वर. लॅबकडून दोन दशांश मागून घ्या. मशीनमध्ये ते असतात, छापताना कापले जातात.

फार्मसी_वाशी

सोड्याचं उत्तर असं की दोन्ही वेळी किडनीच्या नळीत अडकणारा पदार्थ वेगळा होता.

इंडक्शनच्या सुरुवातीला अब्जावधी ल्युकेमिया पेशी एकदम फुटतात आणि त्यांच्या पोटातलं सगळं रक्तात येतं: पोटॅशियम, फॉस्फेट, आणि युरिक अॅसिड ज्यापासून बनतं ती द्रव्यं. युरिक अॅसिड अल्कलीत चांगलं विरघळतं, म्हणून पूर्वी अशा वेळी सोडा सर्रास देत. पण ल्युकेमियाच्या पेशीत साध्या लिम्फोसाइटच्या जवळपास चौपट फॉस्फेट असतं. लघवी अल्कलाइन केली की तेच फॉस्फेट कॅल्शियमला धरून खडे बनून किडनीत बसतं. वर सोड्याने रक्तातलं मोकळं कॅल्शियम उतरतं आणि मुलाच्या हातापायांना आकडी येऊ शकते. म्हणून आता त्या काळात भर असतो तो पाण्यावर: दिवसाला २ ते ३ लिटर प्रति चौरस मीटर, बाटलीत पोटॅशियम न घालता. सोबत अॅलोप्युरिनॉल किंवा रासब्युरिकेज.

अॅलोप्युरिनॉल नवं युरिक अॅसिड बनू देत नाही, बनलेलं मोडत नाही. रासब्युरिकेज बनलेलंही मोडतं. पण ते देण्याआधी जी६पीडी या लाल पेशींतल्या एन्झाइमची तपासणी हवी, कारण त्याची कमतरता असलेल्या मुलाच्या लाल पेशी या औषधाने फुटतात. नुकतंच रक्त चढवलं असेल तर ही तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते, कारण मोजल्या जातात त्यातल्या काही पेशी दात्याच्या असतात. शक्यतो नमुना रक्त चढवण्याआधी काढायचा.

मेथोट्रेक्सेट स्वतःच आम्ल आहे. लघवी आम्ल असली की ते, आणि यकृतात त्यापासून बनणारा एक पदार्थ जो आणखीच कमी विरघळतो, दोन्ही नळ्यांत पिवळ्या कणांसारखे बसतात. लघवीचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, जितका कमी तितकी आम्ल) ६ वरून ७ वर नेला की विरघळण्याची क्षमता ५ ते ८ पट वाढते. सोडा त्यासाठी. कन्सॉलिडेशननंतर फुटायला एवढ्या पेशी शिल्लक नसतात, त्यामुळे फॉस्फेटची भीतीही राहत नाही.

तुमच्या मुलाचा हिशोब मांडतो, वॉर्डमध्ये पडताळायला सोपं जाईल. १०४ गुणिले १६, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ: शरीराचा पृष्ठभाग ०.६८ चौरस मीटर. मेथोट्रेक्सेट ३.४ ग्रॅम, त्यातला दहावा भाग पहिल्या अर्ध्या तासात आणि उरलेला साडेतेवीस तासांत. सलाईन १२५ मिली प्रति चौरस मीटर प्रति तास, म्हणजे तासाला ८५ मिली. ५०० ची एक बाटली जेमतेम सहा तास चालते, दिवसाला चार बाटल्या. लिटरमागे ४० एमईक्यू (क्षारांची मात्रा मोजायचं एकक) सोडा असेल तर प्रत्येक बाटलीत २० एमईक्यू. आपल्याकडच्या ७.५ टक्क्यांच्या अँप्यूलमध्ये मिलीमागे साधारण ०.९ एमईक्यू असतं, म्हणजे बाटलीत सुमारे २२ मिली.

चूक होते ती पहाटे बाटली बदलताना. घाईत नवी बाटली सोडा न घालता लागते आणि दोन-तीन तासांनी पीएच ६ वर आलेला सापडतो. बाटलीवर चिकटपट्टी असते, तिच्यावर सोड्याचं प्रमाण आणि वेळ लिहिलेली आहे का ते प्रत्येक बदलाला बघा. नसेल तर लगेच विचारा, सिस्टरांना राग येत नाही. आणि सोडा घातलेल्या बाटलीत किंवा त्याच नळीतून रिंगर लॅक्टेट नको. त्यातल्या कॅल्शियमने साका बनतो.

आता औषधांबद्दल. मेथोट्रेक्सेटला किडनीतून बाहेर पडायला अडवणारी औषधं घराघरांत असतात. आयब्युप्रोफेन (कॉम्बिफ्लॅमसुद्धा), तापासाठी बिनधास्त दिलं जाणारं मेफ्टाल, अॅस्पिरिन. पित्तासाठी पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल. अॅमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली बाकीची, त्यात पिपरॅसिलिनही आलं. सिप्रोफ्लॉक्सासिन. आणि न्यूमोनिया टाळायला आठवड्यातून दोन-तीन दिवस चालू असलेलं सेप्ट्रान. ते डोसआधी थांबवून रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी उतरल्यावर पुन्हा सुरू करतात, तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. सेप्ट्रानची आणखी एक गंमत अशी की किडनी ठीक असतानाही त्याने क्रिएटिनिन थोडं वर दिसतं, म्हणून रक्त काढताना ते चालू होतं की नाही हे फाइलवर असावं. टॉनिक आणि मल्टिव्हिटॅमिन सिरपमध्ये बहुतेक वेळा फोलिक अॅसिड असतं, तेही न विचारता नको. ल्युकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटनंतर देतात तो उतारा) म्हणजे फोलिनिक अॅसिड. नावं सारखी, कामं आणि वेळा वेगळ्या. कोला बंद, त्याने लघवी आम्ल होते. काढे आणि भस्मं पूर्ण बंद.

सिस्टर_बालकर्करोग

वरचं सगळं बरोबर. मी वॉर्डपुरतं लिहिते.

औषध सुरू व्हायच्या आधी दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत: लघवीचा पीएच ७ किंवा वर, आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती दाट ते) १.०१० किंवा खाली. त्यासाठी सलाईन काही तास आधीच सुरू होतं. आकडा जुळला नाही तर थांबायचं. 'दुपारी दोनला लावायचं ठरलंय' म्हणून लावायचं नाही.

पीएच प्रत्येक लघवीला. पट्टी ताज्या लघवीत बुडवा, कडेला टेकवून जास्तीचं गाळा, डबीवर लिहिलेल्या सेकंदांनी रंग ताडा. दिव्याच्या पिवळट उजेडात ६.५ आणि ७ मधला हिरवा ओळखू येत नाही, खिडकीशी किंवा पांढऱ्या उजेडात बघा. भांड्यात तासभर राहिलेल्या लघवीचा पीएच घेऊ नका. जंतूंनी अमोनिया होतो आणि आकडा खोटा वर जातो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत उघडी राहिलेली पट्ट्यांची डबी दोन दिवसांत बिघडते. झाकण लगेच लावा, आतली छोटी पुडी फेकू नका. पीएच ७ च्या खाली आला तर लगेच सांगा, पुढच्या राउंडची वाट बघू नका. ८ च्या वर गेला तरी सांगा, तेव्हा सोडा कमी करावा लागतो.

इनटेक-आउटपुट लिहिताना तोंडाने घेतलेलं पाणी, दूध, पेज सगळं धरा. तुमच्या मुलाला चार तासांत सलाईनचेच ३४० मिली जातात, तेव्हा लघवीही पावणेतीनशेच्या आसपास किंवा वर दिसली पाहिजे. बारा तासांत आत गेलेलं बाहेर आलेल्यापेक्षा २७० मिलीहून जास्त झालं तर डॉक्टरांना कळवा. ते लसिक्स (लघवी वाढवणारं औषध) द्यायचं की नाही ठरवतील. वजन सकाळ-संध्याकाळ त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत. वजन वाढतंय, डोळे सुजलेत, पोट फुगलंय, दम लागतोय, यातलं काहीही असेल तर पाणी चुकीच्या जागी साठतंय. पोटात किंवा छातीत साठलेल्या पाण्यात मेथोट्रेक्सेट मुरतं आणि दिवसेंदिवस हळूहळू परत रक्तात झिरपत राहतं. म्हणून छातीत किंवा पोटात आधीच पाणी असेल तर ते काढल्याशिवाय डोस देत नाहीत.

उलटी, लघवी, डायपर हाताळताना हातमोजे घाला. औषध लावल्यापासून पुढचे निदान दोन दिवस त्यात औषध असतं. घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे काम करू नये.

घरी असताना जुलाब झाले तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवा. पेल्यात चमचा-चमचा घालून अंदाजाने नको. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की औषध देऊन वाट बघत बसू नका. फोन करा आणि निघा. घोडबंदर रोड संध्याकाळी कसा असतो हे तुम्हाला माहीत आहे, त्या हिशोबाने लवकर निघा. आणि तिथे पोचल्यावर सांगा: मागच्या वेळी अमिकासिननंतर क्रिएटिनिन वाढलं होतं.

मानपाड्याची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. लॅबला फोन केला: आधीचं ०.३१ आणि आताचं ०.४९. आणखी थोडं विचारते. पातळी वेळेत उतरली नाही तर काय करतात? रात्री त्याला डायपर असतो, तेव्हा पीएच कसा बघायचा? आणि आजी रोज शहाळं आणतात, ते चालेल का?

नमुना_ऐरोली

पातळीच्या नमुन्याबद्दल सांगतो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. तास मोजायचे ते औषध सुरू झाल्यापासून, संपल्यापासून नाही. सोमवारी सकाळी ११ ला सुरू झालं तर २४ तास मंगळवारी ११ ला, ४२ तास बुधवारी पहाटे ५ ला आणि ४८ तास बुधवारी ११ ला. ज्या नळीतून मेथोट्रेक्सेट गेलं तिच्यातून नमुना काढू नये. भिंतीला चिकटलेलं औषध मिसळून आकडा प्रचंड वर येतो आणि सगळे घाबरतात. दुसऱ्या ल्यूमेनमधून (लाइनच्या दुसऱ्या मार्गातून) किंवा दुसऱ्या हातातून काढायचा. बाटली फॉइलमध्ये गुंडाळायची, उजेडाने औषध मोडतं. कागदावर ठरलेली नाही, प्रत्यक्ष काढल्याची वेळ.

एकक बघा. काही लॅब मायक्रोमोल देतात, काही नॅनोमोल. ०.४ मायक्रोमोल म्हणजेच ४०० नॅनोमोल.

पोटॅशियमचा नमुना घट्ट पट्टा बांधून, ओढून काढला किंवा ट्रॅफिकमध्ये दोन तास तसाच पडून राहिला तर खोटं जास्त येतं. रासब्युरिकेज चालू असेल तर युरिक अॅसिडचा नमुना बर्फात ठेवूनच आणायचा. नाहीतर औषध बाटलीतही काम करत राहतं आणि आकडा खोटा कमी येतो.

फार्मसी_वाशी

पातळी उशिरा उतरली तर: साधारणपणे ४२ तासांना १ मायक्रोमोल आणि ४८ तासांना ०.४ च्या आत असावी लागते. ल्युकोव्होरिन ४२ तासांना सुरू होतं, १५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर, दर ६ तासांनी. तुमच्या मुलाला १० मिग्रॅ. पहाटे ५ ची वेळ आली तर पहाटे ५ लाच, झोपलाय म्हणून ८ ला नाही. पातळी जास्त असेल तर तक्त्याप्रमाणे ल्युकोव्होरिन वाढवतात, सलाईनही वाढवतात. मोठा डोस शिरेतूनच द्यावा लागतो, कारण २५ मिग्रॅच्या पुढे तोंडाने दिलेलं आतडं पुरतं शोषत नाही. बाटलीवर 'लेव्हो' ल्युकोव्होरिन असेल तर डोस निम्मा असतो, हे दोनदा तपासा.

क्रिएटिनिन चढत असेल आणि पातळी अडकली असेल तर ग्लुकार्पिडेज नावाचं एन्झाइम आहे. अमेरिकेत २०१२ साली त्याला मान्यता मिळाली. किलोमागे ५० युनिट, एकदाच. ते रक्तातलं मेथोट्रेक्सेट मिनिटांत तोडतं, पण महाग आहे आणि प्रत्येक ठिकाणी साठ्यात नसतं. ल्युकोव्होरिनलाही ते तोडतं, म्हणून दोन्हींमध्ये दोन तासांचं अंतर. आणि ते दिल्यावर निदान दोन दिवस नेहमीच्या पद्धतीने मोजलेली पातळी खोटी जास्त दिसते. हाय-फ्लक्स डायलिसिसनेही औषध निघतं, मात्र थांबवल्यावर पातळी परत वर येते.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. इंडक्शनच्या पहिल्या आठवड्यात ते अजिबात नको होतं. आता सोडा आणि एवढं सलाईन चालू असताना पोटॅशियम उलट खाली जातं, तेव्हा त्या दिवशीचा रिपोर्ट बघून अर्धा पेला चालू शकतो. मात्र किडनी अजून सावरते आहे तोवर, या आठवड्यात, डॉक्टरांना विचारूनच. द्यायचं तर आपल्यासमोर फोडून लगेच.

सिस्टर_बालकर्करोग

डायपरमधल्या जेलवर पट्टी टेकवू नका, पीएच चुकतो. आत कापसाचा मोठा गोळा ठेवा, ओला झाला की पिळून ते थेंब पट्टीवर. किंवा युरीन बॅग लावा, पण प्लेटलेट कमी असतील तर चिकटपट्टीने कातडी सोलते, तेव्हा कापूसच बरा. मोजण्यासाठी कोरा डायपर आणि कापूस आधी वजन करून आकडा मार्करने डायपरवरच लिहा. भरल्यावर पुन्हा वजन करा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. दर चार तासांनी उठवून लघवी करवली तर डायपर लागतही नाही, आणि औषध मूत्राशयात साठूनही राहत नाही.

मानपाड्याची_आई

सहा दिवसांनंतरचा रिपोर्ट: क्रिएटिनिन ०.३६, पोटॅशियम ३.८, मॅग्नेशियम १.४.

बालमूत्रपिंड_ठाणे

०.३६ ला गणित ११९ येतं, आणि वाढ जुन्या आकड्याच्या सव्वापटीच्याही आत आली. किडनी सावरतेय. मॅग्नेशियम मात्र अजून कमी आहे, म्हणजे नळ्यांची गळती पूर्ण थांबलेली नाही. डोसच्या आधी ते भरून घ्यायचं का, हे तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा. सेप्ट्रान आणि पॅन्टोप्राझोल कधी थांबवायचं त्याची तारीख घ्या. आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा: 'नेहमीचं क्रिएटिनिन ०.३१. अमिकासिननंतर ०.४९.' पुढच्या वेळी रात्री ताप घेऊन जाल तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांना अँटिबायोटिक निवडताना तीच ओळ आधी दिसली पाहिजे.